तिरंग्याचं सूत कोण कातणार?

ऑगस्टचा पहिला आठवडा उजाडला की बेळगावच्या गणपत गल्लीत, खडेबाजारात दुकानांच्या दारांत तिरंगे झुलू लागतात. कागदी, कापडी, गाडीला लावायचे, टेबलावर ठेवायचे. मुलं हट्ट धरतात, आपण घेतो. किंमत विचारतो, आकार बघतो. कापड कशाचं आहे, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

खरं तर हाच प्रश्न आपल्या भागाला सर्वांत जवळचा आहे. राष्ट्रध्वजासाठी लागणारी खादी गेली कित्येक वर्षं आपल्या शेजारच्या धारवाड आणि बागलकोट जिल्ह्यांत कातली आणि विणली जाते, आणि ध्वज हुबळीच्या बेंगेरीत शिवला जातो. कातणाऱ्या, विणणाऱ्या आणि शिवणाऱ्या हातांत बहुसंख्य हात बायकांचे आहेत. त्यांच्या कामाची आणि त्या कामावर आलेल्या संकटाची ही हकिकत आहे.

खादी म्हणजे नेमकं काय?

पुष्कळांच्या मनात हातमाग आणि खादी या दोन गोष्टींची गल्लत असते. जाडंभरडं, खरखरीत कापड म्हणजे खादी, अशीही एक समजूत आहे. कायद्यातली व्याख्या मात्र अगदी स्वच्छ आहे. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाच्या १९५६ च्या कायद्यानुसार भारतात हातानं कातलेल्या सुती, रेशमी किंवा लोकरी सुतापासून हातमागावर विणलेलं कापड म्हणजे खादी. सूत गिरणीचं आणि माग हाताचा असेल, तर ते हातमागाचं कापड, खादी नव्हे. शहापूर, वडगाव, खासबाग भागांत आपण जो खडखडाट ऐकतो तो तर यंत्रमागांचा. साडी सुंदर निघते, कसबही मोठं असतं, पण तो वेगळा धंदा आहे.

म्हणजे खादीचा जीव मागात नाही, सुतात आहे. माग चालवायला एक विणकर बसतो. पण त्याच्या मागाला पुरेल एवढं सूत द्यायला कितीतरी कातणाऱ्या लागतात. त्यामुळे खादीची मागणी घटली की पहिला फटका त्यांना बसतो. विणकर गिरणीच्या सुताकडे वळू शकतो. कातणारीला दुसरीकडे वळायला जागा नसते.

बेळगावचा ठराव

या सुताचा आणि बेळगावचा संबंध शंभर वर्षांचा आहे. डिसेंबर १९२४ मध्ये टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं. महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषवलेलं हे एकमेव अधिवेशन. २०२४ च्या डिसेंबरात त्याची शताब्दी झाली. काँग्रेस रोडवरच्या विहिरीपाशी, वीर सौधात आपल्यापैकी अनेकजण जाऊन आले असतील. पण त्या अधिवेशनात मंजूर झालेली एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात नाही.

काँग्रेसचं सभासद व्हायचं तर वर्गणी पैशांत नव्हे, सुतात द्यायची, असं तिथं ठरलं. दरमहा २,००० वार हातसूत. स्वतः कातलेलं, आणि ज्याला आजारपणामुळे किंवा मनाविरुद्ध कातणं जमत नसेल, त्यानं दुसऱ्याकडून कातून घेतलेलं. २,००० वार म्हणजे मैलापेक्षा लांब धागा. रोज अर्धा तास चरख्यावर बसलं तर महिन्याचे पंधरा तास होतात. तासाला साधारण १३३ वार निघाले की हिशेब जुळतो. सरावलेल्या हाताला हे अवघड नाही. वकील, डॉक्टर, जमीनदार अशा मंडळींना मात्र ते फार जड गेलं.

वर्षसुद्धा टिकला नाही हा नियम. सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्याला सुताची सक्ती सैल झाली आणि सुताऐवजी पैसे द्यायची मुभा मिळाली. त्याच बैठकीत अखिल भारतीय चरखा संघ जन्माला आला. म्हणजे पुढाऱ्यांनी स्वतः कातायचं काम सोडलं आणि ज्यांना कातून चार पैसे मिळवायचे होते, त्यांच्यासाठी वेगळी संस्था उभी राहिली. खादीच्या पुढच्या सगळ्या इतिहासाची किल्ली इथं आहे. कौतुक करणारे पुष्कळ, कातणारे थोडे. आणि कातणाऱ्यांचं पोट मागणीवर.

हुदलीची खादी

१९२४ च्या अधिवेशनाची जबाबदारी ज्यांनी शिरावर घेतली, ते गंगाधरराव देशपांडे बेळगाव तालुक्यातल्या हुदलीचे. १८७१ साली जन्मलेला हा वतनदाराचा मुलगा आधी लोकमान्य टिळकांचा अनुयायी आणि पुढे गांधीजींचा. कर्नाटकात खादी रुजवणारा भगीरथ म्हणून त्यांचं नाव आजही घेतात. त्यांच्यामुळेच एप्रिल १९३७ मध्ये गांधी सेवा संघाचं संमेलन हुदलीसारख्या खेड्यात भरलं. गांधीजी तिथं मुक्कामाला होते. त्यांची नात मनू, म्हणजे हरिलालांची मुलगी, हिचं लग्नही याच मुक्कामात हुदलीत लागलं.

गंगाधरराव १९६० साली गेले. त्याआधी १९५४ मध्ये हुदलीत खादी आणि ग्रामोद्योग उत्पादक सहकारी संघ स्थापन झाला होता. चरखे, माग आणि सोबतीला इतर ग्रामोद्योग, असं त्याचं स्वरूप. धारवाड तालुक्यात गरगचा क्षेत्रीय सेवा संघही त्याच वर्षीचा. त्यानं वर्षानुवर्षं ध्वजाचं कापड विणलं. आणि नोव्हेंबर १९५७ मध्ये हुबळीच्या बेंगेरीत कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघ सुरू झाला. गावोगावच्या लहान संस्थांना एका छत्राखाली आणणं हा त्याचा हेतू.

या संस्थांचं वैशिष्ट्य असं, की कारखाना एका जागी नसतो. पेळू संस्थेकडून मिळतात, कातणारी सूत कातून लड्या परत करते, मोजून, पारखून मजुरी घेते. लडीमागे दाम, हा हिशेब. कानडी बोलणारी कातकरीण पेळूला हंजी म्हणते आणि सुताला नूलु. आपण मराठीत बोलतो. लडीचं मोजमाप दोघींनाही सारखंच.

एक लाखाचा चरखा

कातणं दिसायला सोपं. डाव्या हातात पेळू, उजव्या हातानं चाक, चातीवर धागा. पण पिळ कमी बसला की धागा तुटतो, जास्त बसला की वेटोळी होतात. पेळू ओढायची गती आणि चाकाची गती यांचं सूत जुळावं लागतं. हा वाक्प्रचार उगाच आलेला नाही.

एकाच चातीवर मजुरी सुटत नव्हती. म्हणून १९२९ मध्ये चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. त्या काळचे एक लाख! अट अशी, की चरखा हातानं किंवा पायानं चालावा, खेड्यातल्या झोपडीत मावावा, बाईला आठ तास चालवून दमणूक होऊ नये आणि किंमत आवाक्यात असावी. बेळगावात सायकलीच्या दुकानापासून सुरुवात केलेल्या किर्लोस्करांच्या किर्लोस्करवाडीतही त्यासाठी एक यंत्र घडलं. पण सगळ्या अटी कुणालाच पुऱ्या करता आल्या नाहीत आणि बक्षीस तसंच राहिलं.

पुढे तमिळनाडूच्या एकांबरनाथन यांनी अनेक चात्यांचा चरखा तयार केला. त्यांच्याच नावावरून तो अंबर चरखा झाला. एका हातानं फिरवायचा, पण एका वेळी अनेक धागे निघतात. आज संस्थांमध्ये दिसतात ते चरखे बहुधा याच घराण्यातले. चाती वाढल्या, तरी ऊर्जा माणसाच्या हाताचीच.

मजुरीचा प्रश्न तेव्हाही होता. १९३५ मध्ये गांधीजींनी आग्रह धरला, की आठ तास कातणाऱ्या बाईला आठ आणे मिळाले पाहिजेत. खादी महाग होईल, खप घटेल, असं कार्यकर्ते म्हणाले. एकदम आठ आणे जमलं नाही, पण जगण्यापुरती मजुरी द्यायचं तत्त्व चरखा संघानं मान्य केलं आणि खादीच्या किमती चढल्या. खादी इतकी महाग का, असं दुकानात विचारणाऱ्यांना हे उत्तर आहे. त्या किमतीत एका बाईचा दिवस असतो.

बेंगेरीत ध्वज कसा होतो?

२२ जुलै १९४७ रोजी घटना समितीनं तिरंगा स्वीकारला. त्या दिवशी पंडित नेहरूंनी सभागृहात दोन ध्वज दाखवले; एक रेशमी खादीचा, दुसरा सुती खादीचा. स्वतंत्र भारतात वस्तूंची मानकं ठरू लागली तेव्हा पहिला क्रमांक ध्वजालाच मिळाला. १९५१ चं ‘आयएस १’ म्हणजे राष्ट्रध्वजाचं मानक. १९६४ मध्ये मेट्रिक मापं आली, १९६८ मध्ये आणखी सुधारणा झाली. सुताची ताकद, रंगांची छटा, रंग उन्हात आणि पाण्यात किती टिकावा, सगळं त्यात लिहिलेलं आहे.

२००५-०६ मध्ये बेंगेरीच्या संघाला या मानकाप्रमाणे ध्वज बनवण्याचा परवाना मिळाला. तेव्हापासून काम टप्प्याटप्प्यानं चालतं. पेळू येतात, सूत कातलं जातं. बागलकोट जिल्ह्यातल्या केंद्रांत कापड विणलं जातं. दोन प्रकारचं कापड लागतं. ध्वजासाठी पातळ पण घट्ट विणीचं. आणि दोरी ज्या पट्टीतून जाते, त्या पट्टीसाठी जाड, पिवळसर, तीन धाग्यांच्या विणीचं डक. हे दुसरं विणणारे हात फार थोडे उरलेत.

कापड हुबळीला आलं की त्याचे तीन वाटे होतात: एक केशरी, एक हिरवा, एक शुभ्र. पांढऱ्या पट्ट्यावर निळं अशोकचक्र छापतात. आरे चोवीस. चक्र दोन्ही बाजूंनी छापायचं असतं आणि एका बाजूचा आरा दुसऱ्या बाजूच्या आऱ्यावर तंतोतंत बसला पाहिजे. केसभर सरकलं तरी ध्वज बाद. मग तिन्ही पट्टे सारख्या रुंदीचे कापून शिवतात. शेवटी दोरी आणि लाकडी गुल्ली.

आकार नऊ. सर्वांत मोठा ६,३०० × ४,२०० मिलिमीटर, म्हणजे साडेसव्वीस चौरस मीटर कापड. सर्वांत लहान टेबलावरचा १५० × १०० मिलिमीटर. लांबी-रुंदीचं प्रमाण प्रत्येकात ३:२. तयार मालाची तपासणी होते. दोष सापडला तर माल नाकारला जातो.

मराठी मुलखातही हे काम चालतं. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत ध्वज शिवले जातात आणि त्यासाठीचं कापड उदगीरच्या केंद्रात विणलं जातं. स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेनं तिथली खादी उभी राहिली. निजामी राजवटीत खादीला जो अर्थ होता, तो हैदराबादकडच्या आपल्या वाचकांना सांगायला नको.

दोन शब्दांची दुरुस्ती

२६ जानेवारी २००२ पासून लागू झालेल्या ध्वजसंहितेत स्पष्ट म्हटलं होतं, की राष्ट्रध्वज हातानं कातलेल्या, हातानं विणलेल्या लोकर, सूत किंवा रेशमी खादीचाच असावा. त्या एका नियमानं या संस्थांना बाजार मिळवून दिला होता. जाहिरात नको, फॅशन नको. ध्वज हवा तर खादी हवी.

३० डिसेंबर २०२१ रोजी संहितेत दुरुस्ती झाली. हातानं कातलेल्या-विणलेल्या कापडाबरोबर ‘यंत्रावर बनवलेलं’ कापडही चालेल आणि सुती, लोकरी, रेशमी यांच्या यादीत ‘पॉलिएस्टर’ही बसेल, असं ठरलं. २०२२ च्या जुलैत ध्वज दिवसा आणि रात्रीही फडकवता येईल, अशी मुभा आली. जीएसटीची सूटही पॉलिएस्टरच्या ध्वजापर्यंत पोचली. त्या ऑगस्टात ‘हर घर तिरंगा’ मोहीम झाली आणि देशभर घरांवर ध्वज लागले.

या निर्णयाची दुसरी बाजूही बघायला हवी. देशातल्या प्रत्येक घरावर एकाच आठवड्यात खादीचा ध्वज लावायचा तर तेवढं सूत कातणारे हात आज नाहीत, हे खरं आहे. गरीब घराला स्वस्त ध्वज मिळाला, तर त्यात वाईट काही नाही. पावसाळ्यात पॉलिएस्टर लवकर वाळतं, हेही खरं.

पण ज्या बायकांनी इतकी वर्षं नियम पाळून ध्वज केले, त्यांचं काय, हा प्रश्न उरतोच. २०२२ च्या जुलैत बेंगेरीच्या संघानं निषेध केला आणि दुरुस्ती मागे घेण्याची मागणी केली. दुरुस्ती कायम राहिली. यंत्र एका दिवसात जेवढे ध्वज ओततं, तेवढ्यांचं सूत कातायला महिने लागतात. किमतीच्या शर्यतीत हातसूत यंत्राला गाठणार नाही. १९२४ मध्येही गाठत नव्हतं. तेव्हा आणि नंतर त्याला जगवलं ते नियमानं आणि घेणाऱ्यांच्या निश्चयानं. नियम आता सैल झाला आहे. निश्चय तेवढा शिल्लक राहिला, आणि तो घेणाऱ्याच्या, म्हणजे आपल्या हातात आहे.

मग आपण काय करायचं?

घरोघरी करता येण्यासारख्या काही साध्या गोष्टी आहेत.

शाळा, ग्रामपंचायत, सोसायटी, मंडळ यांना वर्षानुवर्षं टिकणारा ध्वज लागतो. तो खादीचा घ्यावा. मागणी ऑगस्टच्या तोंडावर नको, उन्हाळ्यातच नोंदवावी. सूत आयत्या वेळी कातून होत नाही. शाळेच्या समितीत असाल तर हा विषय जूनच्या बैठकीत काढा.

खादी ओळखायला शिका. २०१३ च्या नियमांपासून खऱ्या खादीवर ‘खादी मार्क’ची खूण असते; नुसतं ‘खादी’ असं छापलेलं लेबल पुरेसं नाही. कापड उजेडापुढे धरलं तर हातसुताची जाडी कुठं कमी, कुठं जास्त दिसते. दशीतला एक धागा काढून जाळून पाहता येतो. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळतं आणि कडक गोळी होते. हा प्रयोग साडीच्या किंवा शर्टाच्या तुकड्यावर करायचा, ध्वजावर कधीच नाही.

फाटलेल्या, विरलेल्या ध्वजाचं काय करायचं, तेही घरात ठाऊक असावं. तो पायपुसणं किंवा फडकं होता कामा नये, कचऱ्यातही जाता कामा नये. संहितेनुसार तो संपूर्ण ध्वज एकांतात, शक्यतो जाळून, सन्मानानं नष्ट करायचा असतो. सुती ध्वजाची राख मातीत मिसळते. पॉलिएस्टरचा ध्वज जाळताना काय होतं, हे आत्ताच सांगितलं.

खादीचे कपडे पहिल्यांदा वेगळे, गार पाण्यात मीठ घालून भिजवावेत; रंग थोडा सुटतो. पिळून न काढता सावलीत वाळवावेत. भाताच्या पेजेची हलकी खळ दिली की कापडाला अंग येतं. धुण्यागणिक खादी मऊ होत जाते. दोन ऑक्टोबरच्या सुमारास खादी भांडारांत सूट मिळते, पंचे, टॉवेल, चादरी तेव्हा वर्षाच्या बेगमीनं घेता येतात. ध्वज वर्षातून दोनदा लागतो, टॉवेल रोज लागतो. कातणारीला बारा महिने काम मिळायचं असेल तर ते टॉवेलनं मिळेल.

मुलांना घेऊन हुदली किंवा बेंगेरीला एकदा जाऊन या. आधी चौकशी करून गेलात तर चरखा, माग जवळून बघता येतात. आमच्या पिढीनं टकळी शाळेत पाहिली होती; आजच्या मुलांना कापूस ते कापड हा प्रवास पुस्तकातल्या चित्रातच भेटतो.

२०१८ च्या मार्चमध्ये बेळगावच्या कोटे तलावाकाठी ११० मीटर उंचीचा ध्वजस्तंभ उभा राहिला. शहरात शिरताना लांबूनच तो दिसतो आणि मान आपोआप वर जाते. त्याच रस्त्यानं पुढे हुबळीकडे गेलं, की ध्वजाचे तीन पट्टे शिवणाऱ्या बायका मशिनवर मान खाली घालून बसलेल्या असतात. पुढच्या पंधरा ऑगस्टला ध्वज घेताना दुकानदाराला एवढंच विचारा, ‘कापड कुठलं हो?’ चार गिऱ्हाइकांनी विचारलं, तर पाचव्यासाठी तो खादीचा आणून ठेवेल.